हाकग्यूपुढे वाकणारे

"मुशी यंदा फारच खारट झालीय," सांगमुक मान्होच्या कानाशी लागून म्हणाला. "म्हातारीच्या जिभेची चव गेलेली दिसते."

हळूच म्हणाला होता, पण मी त्याच्या पाठीशीच सुपाचं पातेलं घेऊन उभी होते. मान्होनं गंभीरपणे मान हलवली आणि बशीतला आणखी एक तुकडा उचलून तोंडात टाकला.

एवढंच झालं. श्राद्धाचं जेवताना कुणी मीठ जास्त पडलं म्हणालं म्हणून आभाळ कोसळत नाही. शिवाय मुशी मी केली होती, आईनं नव्हे. आमच्या दक्षिण कोरियात, देगूकडे, खारवलेल्या मुशी माशाशिवाय श्राद्धाचं ताट पुरं होत नाही, आणि मुशीला मुळात जुन्या मुतारीसारखा वास असतो, तो मारायला मीठ लागतंच. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्याचं बोलणं मला झोंबलं. कारण ते ताट हाकग्यूचं होतं. थोड्या वेळापूर्वी ते माझ्या भावाच्या फोटोसमोर मांडलेलं होतं. भातात चमचा उभा रोवलेला, घराचं दार सताड उघडं, आणि तो येऊन जेवून जावा म्हणून आम्ही सगळे माना खाली घालून थांबलेलो. सातव्या मजल्यापर्यंत तो कसा येत असेल, लिफ्टनं की जिन्यानं, असा एक विचार दर वर्षी माझ्या मनात येतो आणि दर वर्षी मी तो झटकते. तो जेवला असं धरून चालायचं. मग त्याच्या पुढ्यातलं आपण वाटून खायचं, त्याचा आशीर्वाद म्हणून. जवळजवळ तीस वर्षं सांगमुक, मान्हो आणि इल्दो, लढाईतले त्याचे हे तिघं सोबती, माझ्या भावाच्या पुढ्यातलं उचलून खात आलेत, आणि यंदा त्यांना ते खारट लागलं.

मी सूप वाढलं. वाढताना सांगमुककडे न बघण्याचा प्रयत्न केला, म्हणजे अर्थातच फक्त त्याच्याकडेच बघत राहिले. त्याचे ओठ तेलानं चकचकत होते. खालच्या ओठाला भाताचं एक शीत चिकटलं होतं आणि तो बोलला की ते वरखाली व्हायचं, पण पडायचं नाही. कपाळावर घाम. सोन्याचा दात. पट्ट्यावरून ओघळलेलं पोट मांडीवर येऊन टेकलेलं, झोपलेल्या जनावरासारखं. त्या पोटाशी माझी जुनी ओळख आहे. बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. सांगमुक बिल्डर झाला, गाडी घेतली, शहरात नावाचे फलक लावले, पण पँट सैल करायला अजून माझ्याकडेच येतो. "ताई, तुझ्यासारखा हात कुणाचा नाही," म्हणतो. मग मी गुडघ्यावर बसते आणि त्याच्या कमरेभोवती टेप टाकते. ते पोट कोमट असतं, श्वासाबरोबर हलतं, आत काहीतरी गुरगुरत असतं. माझं तोंड त्याच्या अगदी जवळ असतं आणि मला वाटतं, हे पोट कुणाच्या पोटाच्या बदल्यात आलंय. हाकग्यू हातबॉम्बवर पोटावर पालथा पडला होता. पोट असं त्याला उरलंच नव्हतं. शवपेटीत मग काय ठेवलं, असं मी पहिल्याच वर्षी इल्दोला विचारलं होतं. इल्दो तिघांतला सगळ्यात भाबडा, आणि प्यायलेला, त्यानं खरं ते सांगितलं. तेव्हापासून मी मांस चिरते, शिजवते, वाढते, पण खात नाही. लोकांना वाटतं, ही बुद्धाच्या मंदिरात जाते म्हणून.

ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना पोटंच नव्हती. व्हिएतनामहून परतलेली पोरं, गाल आत गेलेले, कातडी उन्हानं तांबूस काळी झालेली, गणवेश अंगावर वाळत घातल्यासारखे. आम्ही तेव्हा गावात राहत होतो. आई अंगणात मिरच्या निवडत बसली होती. तिघं फाटकातून आत आले, मातीतच गुडघे टेकले, आणि बोलता येईना म्हणून नुसतेच वाकून राहिले. आई उठली. मला वाटलं, आता ही किंचाळेल, किंवा यांना हाकलून देईल. तिनं यातलं काही केलं नाही. ती एकेकाजवळ गेली, त्याला उभं केलं, आणि मिरच्यांचा हात तसाच त्याच्या सदऱ्याखाली घालून पोटावरून फिरवला. सावकाश, बरगड्यांच्या खालपासून बेंबीपर्यंत. गाय विकत घेताना बघतात तसं. "सगळं जागेवर आहे," ती म्हणाली. तिघांच्या पोटाची आग होत असणार, पण कुणी हललं नाही. मग सांगमुक हुंदके देत म्हणाला, "आई, आजपासून आम्ही तुझी मुलं." आईनं भात टाकायला सांगितला. मी चुलीपुढे बसून रडले आणि मला वाटलं, जगात चांगुलपणा आहे. मी तेव्हा पंचविशीत होते, नुकतीच विधवा होऊन माहेरी परतलेली, आणि चांगुलपणाची मला निकड होती.

आई त्यांना खाऊ का घालते हे कळायला मला फार वर्षं लागली. मी समजत होते, तिला त्यांच्यात हाकग्यू दिसतो. गावातल्या बायकाही तेच म्हणायच्या आणि डोळ्यांना बाही लावायच्या. पण आईला कुणात कुणी दिसत नाही, तिची नजर साफ आहे. गोष्ट साधी होती. आमच्यात आईबापांनी पोराच्या श्राद्धाला वाकायचं नसतं. आईबापांच्या आधी मेलेला पोरगा हा वाईट पोरगा, त्याच्यापुढे थोरांनी काय म्हणून मान झुकवायची. मेलेल्यासाठी दारूचा पेला बाईनं ओतायचा नसतो. त्याला पुरुष लागतो, शक्यतो मुलगा. हाकग्यूचं लग्न झालं नव्हतं. थोरल्या काकांनी तर तोंडावर सांगितलं, "बिनलग्नाच्या पोराचं श्राद्ध करत नाहीत, वहिनी. त्याला वाऱ्यावर सोडून द्या." म्हणजे देशानं त्याला शूर म्हटलं, पदक दिलं, शाळेत पुतळा उभा केला, आणि स्वतःच्या कुळात तो उपाशी भटकणार. त्याच सुमाराला ही तीन पोरं फाटकातून आत आली आणि म्हणाली, आम्ही तुझी मुलं. आईनं त्यांची पोटं तपासून घेतली. पुढे वाकण्याच्या कामाला टिकतील की नाही, तेच बहुधा ती बघत होती.

श्राद्ध चालू असताना आई शेजारच्या खोलीत बसते, भिंतीकडे तोंड करून. सांगमुक पेला उदबत्तीच्या धुरावरून तीनदा गोल फिरवतो, फोटोपुढे ठेवतो, मग जमिनीला कपाळ टेकवतो. ते ओणवं होणं, धापा टाकत उठणं, पँटच्या शिवणीचं ताणणं, मला सगळं स्वयंपाकघरातून ऐकू येतं. शिवण माझीच असते. मान्हो आता वाकत नाही. तो चर्चमध्ये वडीलधाऱ्यांपैकी एक झालाय, मेलेल्यांपुढे वाकणं त्याच्या देवाला चालत नाही. तो हात जोडून भिंतीला टेकून उभा राहतो, ओठ पुटपुटतो, आणि वाकणं आटोपलं की सगळ्यांत आधी ताटापाशी बसतो. "अन्न परमेश्वराचंच आहे, ताई," त्यानं मला एकदा समजावून सांगितलं. इल्दोला वाकायचं असतं, पण त्याच्या गुडघ्यात त्या दिवशीचा एक लोखंडाचा कपचा अजून आहे, आणि हात असे थरथरतात की पेल्यातली अर्धी दारू चटईवर. बायको सोडून गेली, नोकरी गेली. राहता राहिला सांगमुक. हे सांगमुकला ठाऊक आहे. पूर्वी मी त्याला तू म्हणायचे. हल्ली तोंडातून तुम्ही निघतं आणि निघाल्यावर जीभ धुवावीशी वाटते.

मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय, हे तिघं चांगले निघाले असते तर? इल्दो डॉक्टर झाला असता, मान्होनं अनाथाश्रम काढला असता, सांगमुकनं गरिबांना घरं बांधून दिली असती, तर मला घास गोड लागला असता का? उत्तर मला आवडत नाही. मला वाटतं, तेव्हा मला त्यांची जास्तच किळस आली असती. निदान आता मी म्हणू शकते की सौदा फसला. आणि याच्याही खाली, जिथे सहसा मी हात घालत नाही, तिथे आणखी एक शिसारी आहे, ती या तिघांची नाही. ती फोटोतल्या त्या बावीस वर्षांच्या पोराची आहे, टोपी तिरकी घातलेल्या, ओठ घट्ट मिटलेल्या. एवढी घाई कसली होती रे तुला. पण असलं काही मी कधी बोलले नाही. कुणीच बोलत नाही. आमच्या घरात त्या गोष्टीला एकच बाजू आहे आणि ती सोनेरी रंगवलेली आहे.

रंगवलेली म्हणजे खरोखरच. गावच्या शाळेच्या पटांगणात हाकग्यूचा सिमेंटचा पुतळा आहे, दर वर्षी शिपाई त्याला सोनेरी रंग देतो. हात पसरलेले, पाय मागे फेकलेले, छाती अधांतरी, खाली सिमेंटचा गोळा. बनवणाऱ्यानं चेहऱ्यावर हसू ठेवलंय. तो मरायला नाही, नदीत सूर मारायला निघालाय असं वाटतं. पोरं त्याला बेडूक म्हणतात. त्याच्या पाठीवर बसून डबे खातात, आणि पोट आणि गोळा यांच्या मधल्या फटीत गोळ्यांचे कागद, फळांच्या बिया, नाक पुसलेले चिटोरे कोंबतात. आई बसनं गावी जाते आणि ओल्या फडक्यानं ती फट पुसून काढते. मी एकदा बरोबर गेले होते. तिनं कोपरापर्यंत हात आत घातला आणि गांधीलमाशीचं एक वाळकं पोळं बाहेर काढलं. "इथं यांना बरं घर सापडतं," म्हणाली. मी बाजूला जाऊन कुंपणापाशी ओकले.

गोष्टही अशीच वर्षागणिक रंगत गेली. गोष्ट सांगायची ती सांगमुकनं. पहिल्या वर्षी ती अगदी लहान होती. खंदकात चौघं होतो, बॉम्ब आत पडला, हाकग्यू त्याच्यावर पडला. बस. पुढे कधीतरी हाकग्यू "खाली व्हा" असं ओरडायला लागला. शाळेत भाषण झालं त्या वर्षी त्यानं देशाचा जयजयकारही केला. आणि गेली काही वर्षं तो मरताना सांगमुककडे वळून म्हणतो, "माझ्या आईला सांभाळा." एवढं बोलायला त्याला वेळ कुठून मिळाला हे कुणी विचारत नाही. आई ऐकते. इल्दो अशा वेळी पेल्यात बघत बसतो.

सुपाचं पातेलं ठेवून मी आईशेजारी बसले. आई मासा सोडवत होती. ती नेहमी इल्दोसाठी काटे काढून देते, कारण त्याच्या हातांना ते जमत नाही. सांगमुकनं तोंड पुसलं. शीत अखेर पडलं. मग तो जरा पुढे सरकून बसला.

"आई, एक गोष्ट काढायची होती. शाळा बंद होतेय, ऐकलंस ना?"

"पोरंच नाहीत तर चालू कुणासाठी ठेवतील," आई म्हणाली.

"जागा कोंबड्या पाळणारा कुणी घेतोय. पुतळा फोडतील. मला कळल्यावर झोप लागली नाही, आई, खरं सांगतो. म्हणून मी ठरवलं. टेकडीवर आमच्या नव्या इमारती होतायत, तिथं फाटकाशीच त्याला बसवायचं. संगमरवरी चौथरा, भोवती कारंजं. रात्री खालून दिवे."

"आणि इमारतींचं नाव?" मी विचारलं.

"हाकग्यू नगर," सांगमुक म्हणाला. त्याला माझा स्वर कळला नाही, किंवा कळूनही चालला. "लोकांना अभिमान वाटेल. उद्घाटनाला आईनं पांढरे कपडे घालून यायचं, फीत कापायची, एवढंच. वर्तमानपत्रवाले येतील."

"फ्लॅट जात नाहीयेत वाटतं," मी म्हणाले.

"ताई, तू ना," तो हसला, दात दिसला. "धंदा धंद्याच्या जागी. भाऊ भावाच्या जागी."

"परमेश्वराचीच योजना दिसते," मान्हो म्हणाला आणि नासपतीची फोड उचलली.

मी आईकडे पाहिलं. ती काटे काढतच होती. मला आतून वाटत होतं, नाही म्हण. आयुष्यात एकदा यांना नाही म्हण, ऊठ, त्यांच्या पुढ्यातल्या बश्या उचल, मी मुशी मोरीत ओतून देते. सांगमुकनं एक मोठा श्वास घेतला, तशी मला पुढचं कळलंच.

"कसंय आई, पुढच्या वर्षापासून माझं इथं येणं जरा अवघडच आहे. रक्तदाब, गुडघे, डॉक्टर वाकू नका म्हणतो. पण पुतळा आपल्या आवारात आला की श्राद्ध तिथंच करू. मांडव घालू. एवढी घरं आहेत, तरणी पोरं आहेत. हाकग्यूपुढे वाकायला माणसांची वानवा पडणार नाही."

आईचा हात थांबला. बोटांत एक काटा होता, तो तसाच. मी तिला ओळखते. फीत नाही, संगमरवर नाही, तिला त्या एका वाक्यानं गाठलं होतं. वाकायला माणसं. ती गेल्यावरसुद्धा. नाही म्हणाली तर पुढच्या वर्षी फोटोपुढे कोण बसणार होतं, भिंतीला टेकलेला मान्हो की चटई भिजवणारा इल्दो? आणि हो म्हणाली तर माझ्या भावाच्या पोटाखाली कारंजं उडणार होतं, आणि माणसं त्याच्याकडे बघून फ्लॅट घेणार होती. मला दोन्हींची सारखीच किळस आली. पण त्याहून जास्त किळस याची आली की माझ्या मनात आलं, घेऊ दे की. निदान कुणी तरी वाकेल. म्हणजे मीही हिशेब करायला बसले होते, तेच ताट, तीच बशी.

"आई, हो म्हण," सांगमुक मऊ आवाजात म्हणाला. "जाताना हाकग्यूनं मला काय सांगितलं होतं? आईला सांभाळा. मी दुसरं काय करतोय?"

"तो असं काही बोलला नाही," इल्दो म्हणाला.

त्याचा आवाज एवढा क्वचित ऐकू येतो की आम्ही सगळ्यांनीच वळून पाहिलं. त्यानं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या होत्या. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, थरथर दिसू नये म्हणून.

"इल्दो, तू पिऊन आहेस," सांगमुक म्हणाला.

"मी रोजच पिऊन असतो. तो काही बोलला नाही. वेळच नव्हता." इल्दो आईकडे बघून बोलत होता. "आई, तो बॉम्ब माझ्या पायाशी येऊन पडला होता. माझ्या. हाकग्यू पलीकडच्या टोकाला होता, डबा उघडत होता. मी बॉम्ब पाहिला आणि सरकलो. भिंतीला चिकटलो. पायानं ढकलायचं, ओरडायचं, काही सुचलं नाही. हा सांगमुक पण सरकला. मान्हो पण सरकला."

"मी प्रार्थना करत होतो," मान्हो म्हणाला.

"सरकून झाल्यावर. मधे जागा झाली, आई. आम्ही सरकलो म्हणून जागा झाली. त्या जागेत तो येऊन पडला."

 खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज येत होता. सांगमुक पुढ्यातल्या बशीकडे बघत होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्याच्या पोटाकडे बघून काही वाटलं नाही. ते एक पोट होतं, घाबरलेलं, सदऱ्याच्या आत लहान होऊ पाहणारं. मला वाटलं होतं असलं काही ऐकलं तर मी काहीतरी फेकून मारेन. पण आत धुऊन काढल्यासारखं रिकामं वाटत होतं, ओकून झाल्यावर वाटतं तसं.

आईनं बोटांतला काटा बशीच्या कडेला पुसला. सोडवलेला मासा इल्दोच्या भातावर ठेवला.

"कुणीही सरकलं असतं," ती म्हणाली. "मी असते तर मीही सरकले असते."

"आई," सांगमुकचा आवाज बसला होता. "पण आम्ही तुझी..."

"तो पुतळा तू ने, नाहीतर फोडू दे. मला तो कधीच आवडला नाही. नुसता हसतो." तिनं गुडघ्यावर हात टेकला, पण उठली नाही. "वाकायला कुणी आलं नाही तर मीच वाकेन. थोरल्या काकाला जे म्हणायचं ते म्हणू दे वर बसून."

"आई, तो नसता पडला तर आम्ही तिघंही..." सांगमुक म्हणाला.

"हो. मेला असतात," आई म्हणाली. तिनं तिघांकडे एकेक करून पाहिलं, रागानं नाही. "तुमच्या आया रडल्या असत्या. मी त्यांच्या दारी जाऊन बसले असते, त्यांना पेज करून घातली असती. त्यानंही सरकायला हवं होतं."